बोटं कुणाची मोजायची

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार. सरोज बिलोलीकरांनी नारायणगुड्यातल्या एका सभागृहाच्या दारात तीन हजार पाचशे चाळीस रुपये भरले आणि नावाचा बिल्ला साडीला लावून घेतला. त्यांच्या अॅक्युपंक्चरवाल्यांच्या संघटनेचा नियम असा, की दर दोन वर्षांनी दोन दिवसांचं शिबिर करायचं आणि शेवटी हाताची परीक्षा द्यायची. तरच संघटनेच्या यादीत नाव राहतं. सरोजताई या शिबिराला एरवी माहेरी निघाल्यासारख्या निघत. या खेपेला मात्र त्यांनी नवऱ्याला सांगून ठेवलं होतं, "परीक्षा बिघडली, तर सोमवारी दवाखान्याची पाटी उतरवायची."

श्रीनिवासराव कोर्टातून निवृत्त झालेले. एकाच बाजूच्या म्हणण्यावर निकाल द्यायचा नाही, ही सवय घरातही सुटलेली नव्हती. "हात गेला, हात गेला म्हणतेस, पण पुरावा काय?" त्यांनी विचारलं.

"पुरावा नामदेवराव."

नामदेवराव म्हणजे काचीगुड्यातल्या त्यांच्या एका खोलीच्या दवाखान्यातले जुने पेशंट. बस डेपोतून निवृत्त झालेले, अंगाने किरकोळ, तोंडाने भारी. पावसाळ्यात त्यांचा गुडघा धरला. हाच गुडघा सरोजताईंनी पूर्वी दोनदा मोकळा केला होता, म्हणून ते दुसरीकडे गेलेच नाहीत. या वेळी सुया झाल्या, शेक झाला, दसरा झाला, दिवाळीही झाली, पण घराचा जिना काही चढवेना. "बाई, गुडघ्याची चाळण झाली हो," ते म्हणायचे. "आता पीठ चाळायला घरी नेतो." सरोजताई हसायच्या आणि ते गेल्यावर स्वतःच्या हाताकडे बघत बसायच्या. एकसष्टावं चाललेलं. बोटांचे सांधे सुजून जाड झाले होते. उन्हाळ्यात लग्नातली अंगठी सोनाराकडे जाऊन कापून काढावी लागली होती. ज्या हाताने तीस वर्षं लोकांची दुखणी हलकी केली, त्याच हाताने आता पेशंटला नुसतं टोचत राहायचं आणि वर पैसे घ्यायचे, हे त्यांना पटेना. नवीन पेशंट घेणं त्यांनी गुपचूप बंदच केलं होतं.

शनिवार भाषणांत गेला. रविवारी दुपारी हाताचं काम निघालं. जोड्या लावल्या, एकाने झोपायचं आणि दुसऱ्याने सुई लावायची. सरोजताईंच्या वाट्याला शिल्पा आली, नल्लकुंट्याची, शिकून नुकतीच बाहेर पडलेली, काडीसारखी पोरगी. काम सोपं होतं. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं मोजायची, नडगीच्या बाहेरच्या अंगाला बिंदू धरायचा आणि सुई लावायची. सुई नेमकी लागली की तिथे एक जड, भरून आल्यासारखी कळ उठते. ती उठली की काम झालं. हा बिंदू सरोजताई डोळे मिटूनही काढत. त्यांनी चार बोटं टेकवली आणि सुई लावली.

"काय वाटतंय?"

"काही नाही काकू. मुंगी चावल्यासारखं."

सुई काढली, पुन्हा मोजलं, पुन्हा लावली.

"आता?"

शिल्पाला खोटं बोलवेना आणि खरंही सांगवेना. "थोडं... नाही काकू. काहीच नाही."

म्हणजे खरंच गेला हात. त्यांनी सुई काढून डबीत टाकली आणि कापूस शोधू लागल्या. तेवढ्यात परीक्षक वरुण तिथे आला. वयाने त्यांच्या मुलासारखा, पण शिकवायला कडक.

"मॅडम, बोटं कुणाची मोजली?"

"कुणाची म्हणजे? माझी."

"आणि पाय कुणाचा?"

सरोजताईंनी आपल्या सुजलेल्या बोटांकडे पाहिलं. पहिल्या वर्षाचा पहिला धडा. माप पेशंटच्या बोटांचं घ्यायचं, आपल्या नव्हे. आपल्याकडे देह साडेतीन हात म्हणतात, तोही ज्याच्या त्याच्या हातानेच. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्यांची बोटं बेताची होती, बहुतेकांच्या बोटांशी जुळायची. सुरुवातीला घाईत कधीतरी स्वतःची टेकवली, चुकलं नाही, म्हणून पुन्हा टेकवली आणि वर्षानुवर्षं तेच चालून गेलं. मग सांधे सुजले आणि माप वाढलं. सुई मात्र त्याच विश्वासाने लागत राहिली.

"शिल्पा, तुझा हात दे गं इकडे."

शिल्पाची चार बोटं तिच्याच गुडघ्याखाली धरून त्यांनी पेनाने टिंब काढलं. त्यांच्या खुणेहून ते बोटभर वर आलं. तिथे सुई लावली मात्र, शिल्पाचा पाय थरकला.

"अय्यो! काकू, पावलापर्यंत भरून आलं!"

सरोजताई एकदम हसल्या. इतक्या हसल्या, की डोळ्यांना पदर लावावा लागला. शेजारच्या जोडीला वाटलं, बाई नापास झाल्या.

"पास करू ना मॅडम?" वरुणने विचारलं.

"कर बाबा. आणि हे कुणाला सांगू नकोस."

"सांगणार ना! पुढच्या शिबिरात पहिलं हेच सांगणार. नाव नाही घेणार, बस."

घरी आल्या आल्या श्रीनिवासराव म्हणाले, "पाटी उतरवायला स्क्रू ड्रायव्हर काढून ठेवलाय."

"ठेवा आत. आणि चहा टाका. हात आहे जागेवर, माप गेलं होतं."

सोमवारी नामदेवराव आले. सरोजताईंनी आधी चूक सांगितली आणि मग त्यांचीच बोटं त्यांच्या गुडघ्याखाली टेकवायला लावली.

"म्हणजे इतके दिवस तुमच्या मापाचे कपडे मला घालत होतात?" नामदेवराव म्हणाले. सुई लागली तसं त्यांनी तोंड वाकडं केलं. "हौ, हौ! पूर्वी हेच लागायचं बघा."

गुडघा काही एका दिवसात सुटला नाही. पण डिसेंबर सरता सरता ते कठडा न धरता गच्चीवर गेले आणि वरून त्यांनी फोन केला, "बाई, गच्चीवरून बोलतोय." सरोजताईंनी फोन ठेवला, आणि बरेच दिवस टाळत होत्या त्या दोन नव्या पेशंटना बोलावून घेतलं.

चुकीच्या मापाच्या सुयांचे पैसे त्यांनी नामदेवरावांना परत केले. ते नको नको म्हणत होते, तरी बाईंनी त्यांच्या खिशात घातले. शेवटच्या एका वेळचे तीनशे रुपये सुटे नव्हते म्हणून राहिले. ते अजून द्यायचे आहेत.