यानसेनसाहेबांचा धोबी

जिनिंगचा हंगाम सुरू झाला की धुळ्याच्या हवेत कापसाचे तंतू तरंगू लागतात. कोट कितीही झटका, घरी पोचल्यावर चार तंतू त्याला चिकटलेले निघतातच. किस्स्यांचेही तसेच असावे. ते कोणी जमवीत नाही. ते अंगाला लागतात. आम्हांला ते यानसेनसाहेबांमुळे लागले, आणि इतके लागले की आजही आमच्यापैकी दोघे रस्त्यात भेटले तर कुशल विचारण्याआधी हसतात.

'आम्ही' म्हणजे काशिनाथभाऊंच्या फोटो स्टुडिओपुढच्या बाकावर रविवारी सकाळी बसणारी मंडळी. स्वतः काशिनाथभाऊ, कापसाचे दलाल नाना आणि शाळेत संस्कृत शिकवणारा मी. देश स्वतंत्र होऊन फार वर्षे झाली नव्हती. अशा काळात एका जिनिंग कारखान्यात नवी यंत्रे बसवायला डेन्मार्कहून यानसेनसाहेब आले आणि बाकावर चौथे होऊन बसले. उंच, लालसर, चेहऱ्यावर तीळ उधळल्यासारखे ठिपके आणि लहानपणी बर्फावर आपटल्यामुळे डावीकडे वळलेले नाक!

त्या नाकाकडे काशिनाथभाऊ फार आशेने पाहत. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून चेहऱ्यातले दोष काढणे ही त्यांची कला होती. त्यांच्या स्टुडिओतून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस निर्व्रण, निर्मळ आणि थोडाफार एकसारखाच दिसे. आमच्या शाळेच्या शिक्षकवृंदाच्या फोटोत सतरा सख्खे भाऊ बसल्यासारखे वाटतात.

"साहेब, एकदा बसा तरी स्टुडिओत," भाऊ म्हणत. "हे नाक मी सरळ करून देतो!"

"नको," साहेब म्हणत. "बठ्ठं चांगलं शे." म्हणजे, आहे ते सगळे चांगले आहे.

साहेबांना शुद्ध मराठी शिकवण्याचा मी मनापासून प्रयत्न केला. परंतु आठवड्यातले सहा दिवस ते कारखान्यातल्या कामगारांकडून खानदेशी शिकत, आणि सातव्या दिवशी माझ्या वाट्याला येत!

* * *

साहेबांना नाद पक्ष्यांचा. त्यातही दिवाळी सरली की ओढ्यांच्या काठी येणारा, सारखी शेपटी हलवणारा, राखी पाठीचा आणि पांढऱ्या तोंडाचा इवलासा धोबी. संस्कृतात खंजन. त्याच्या छातीवर काळी चंद्रकोर असते. नायिकेच्या डोळ्यांना खंजनाची उपमा देणारे श्लोक मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो होतो.

साहेबांनी तो प्रथम दाखवला तेव्हा नाना म्हणाले, "गुरुजी, हाऊच का तुमना खंजन? हाऊ ते आमना उकिरडावर रोज दिखस! म्हणजे तुमच्या त्या नायिका..."

नानांचे पुढचे वाक्य मी पूर्ण होऊ दिले नाही.

या पक्ष्यामागचे कारण साहेबांनी एकदाच सांगितले. त्यांची वृद्ध आई गावी एकटी राहत होती. हा पक्षी तिच्या अंगणातला. शरद ऋतूत तो निघून जाई आणि तिला घर दुप्पट रिकामे वाटे. आधीच मुलगा दूर! साहेबांनी तिला लिहिले, "आई, पक्षी इकडे माझ्याकडे आले आहेत." आईने उलट कळवले, "पाहीन तेव्हा मानीन." दोन हिवाळ्यांच्या मुक्कामातला पहिला हिवाळा छायाचित्राविना गेला होता. हा दुसरा होता, आणि वसंतात त्यांना परतायचे होते.

मी विचारले, "म्हणजे हे पक्षी खरोखर तुमच्या देशातून येतात?"

"छे! हे सैबेरियाकडचे," साहेब शांतपणे म्हणाले. "पण गुरुजी, आईला ते सांगायचे नाही."

* * *

सोनगीरच्या शिवारात गावाबाहेर एक ओढा आहे. कपडे धुण्याचे मोठे दगड, उथळ पाणी आणि त्यात धोब्यांचा मुक्त संचार. साहेब कारखान्याच्या जीपने आम्हांलाही तिथे नेत.

पहिल्याच रविवारी वाटेवर एक म्हातारेबुवा थबकले. त्यांनी साहेबांना आपादमस्तक न्याहाळले आणि नानांना बाजूला घेऊन विचारले, "बठ्ठा गोरा गयात ना? मंग हाऊ एकलाच कसा ऱ्हायना?"

"बोटीत जागा नव्हती, आबा," नाना गंभीरपणे म्हणाले.

आबांनी साहेबांकडे फार करुणेने पाहिले आणि टोपलीतले एक सीताफळ त्यांच्या हातात ठेवले.

त्यानंतर साहेब कॅमेरा पुढे धरून शेतात पालथे पडले. पक्ष्याच्या डोळ्यांच्या पातळीवर यायचे असते म्हणे. कोपरांवर सरकत, मध्येच थिजत, मध्येच अंग आवरत ते पुढे चालले होते. पक्षी दोन हातांवर आला. साहेबांनी श्वास रोखला.

तेवढ्यात मागून धावत आलेल्या एका शेतकऱ्याने पायातला जोडा काढून साहेबांच्या नाकाला लावला! फेपरे आलेल्या माणसाला आमच्याकडे चामड्याचा वास देतात. साहेब ताडकन उठून बसले.

"देखा!" शेतकरी आम्हांला म्हणाला. "जोडा लावताबरोबर उठी बसना!"

साहेबांनी त्याचे आभार मानले. जीपमध्ये बसल्यावर मात्र त्यांनी रुमालाने नाक पुसले. मग म्हणाले, "औषध चांगले आहे. मला गुण आला. फक्त पक्षी बरा होऊन उडून गेला."

* * *

पुढच्या खेपेला साहेबांनी धुण्याच्या दगडांवर कॅमेरा रोखला. दगडाच्या एका टोकाला धोबी, दुसऱ्या टोकाला धुणे आपटणाऱ्या सखुअक्का. पक्ष्याला अक्कांचे आणि अक्कांना पक्ष्याचे काही नव्हते. परंतु अक्कांनी कॅमेरा पाहिला.

"थांबा!" त्या ओरडल्या. "अशी कशी काढतस? लुगडं बदली येस!"

अक्का गेल्या, तशा इतर बायकाही गेल्या. अर्ध्या तासाने त्या नथी घालून, मुलांना तेल चोपडून परत आल्या आणि दगडांवर ओळीने, हात मांड्यांवर ठेवून बसल्या. एकही चेहरा हलेना, हसेना. मागे पुरुषांची रांग लागली. शेवटी आलेल्या एकाने हलकेच विचारले, "कोन गया?"

साहेबांनी हताश होऊन माझ्याकडे पाहिले. उत्तर नानांनी दिले. "साहेब, आमच्याकडे फोटो दोनदाच निघतो. लग्नात नाही तर मरणात. मधल्या काळात कोणी काढतं का?"

रीत म्हणून साहेबांनी फोटो घेतला. फिल्म मुंबईहून मागवावी लागे. पण अक्कांची नथ वाया घालवणे त्यांना बरे वाटले नाही.

* * *

मग साहेबांनी नकाणे तलावाच्या काठी आडोसा उभारायचे ठरवले. नानांनी कडबा पुरवला. त्याच्या पेंढ्या बांधून सुरेख खोपटे झाले. साहेब पहाटे आत शिरले, फटीतून कॅमेरा बाहेर काढला आणि मूर्तिवत् बसले. आम्ही दूर झाडाखाली शेव-मुरमुरे खात बसलो.

ऊन वर आले. चिखलात धोबी उतरला. शेपटी हलवीत तो खोपट्याकडे निघाला. त्याच सुमारास, दुसऱ्या बाजूने, एक म्हैसही निघाली.

मी ओरडणार होतो. नानांनी माझे मनगट धरले. "ओरडू नका गुरुजी, पक्षी उडेल!"

म्हशीने मागची भिंत खाल्ली. साहेबांचे लक्ष समोर. मग बाजूची भिंत खाल्ली. साहेबांचे लक्ष समोरच. शेवटी छपराचा एक घास ओढताच सगळे खोपटे कोसळले, साहेब दचकून वळले आणि बोट कळीवर पडले.

काशिनाथभाऊंनी ती फिल्म धुतली. म्हशीच्या दोन नाकपुड्या, त्यांवरचे दवबिंदू, ओठांतली कडब्याची काडी. काय तो रेखीवपणा! भाऊंनी ते चित्र मोठे करून स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावले. गिऱ्हाइके विचारीत, "भाऊ, आमचाही असा निघेल का?"

* * *

आणि एके दिवशी धोबी खरोखरच सापडला. एकटा, समोरासमोर, ऊन छातीवर. साहेब ओढ्यावरून अक्षरशः नाचत आले. फिल्म काशिनाथभाऊंच्या हवाली झाली आणि आम्ही तिघे बाकावर, बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावे तसे, ताटकळत बसलो.

भाऊ प्रत घेऊन बाहेर आले. चेहऱ्यावर कलावंताचे समाधान.

साहेबांनी पाहिले. पुन्हा पाहिले. "भाऊ, चंद्रकोर कुठे आहे?"

"कोणती?"

"छातीवरची! काळी!"

"ती होय?" भाऊ प्रसन्नपणे म्हणाले. "डाग होता साहेब. काढून टाकला. फार मेहनत पडली!"

नुसताच एक पांढरट पक्षी दगडावर बसला होता, आणि तोही आमच्या शिक्षकवृंदातला वाटत होता. साहेबांनी प्रत घडी न घालता खिशात ठेवली. "आई म्हणेल," ते हळूच म्हणाले, "हा कोणाच्या अंगणातला?"

त्या दिवशी कोणी हसले नाही. नानासुद्धा नाही.

* * *

हिवाळा संपत आला. पक्षी उत्तरेकडे निघण्याआधी एकच रविवार हाती होता. गर्दीचा उपद्रव टाळावा म्हणून मी एक विनंतिपत्रक रचले. ते शनिवारी सोनगीरच्या चावडीवर लागले. मजकूर मला अजून पाठ आहे: 'येत्या रविवारी प्रातःकाळी निरीक्षणार्थ आगमन होत असल्याने समस्त ग्रामस्थांनी बालकांसह जलस्थानापासून दूर राहून शांततापूर्वक सहकार्य करावे.' त्यातल्या एकाही शब्दावर मला आजही आक्षेप नाही.

रविवारी गेलो तो गावात माणूस नाही! दारांना कड्या, अंगणात कोंबड्या. ओढाही निर्मनुष्य. साहेब हर्षभरित होऊन बसले. दगड होते, पाणी होते, ऊन होते. पक्षी मात्र नव्हता.

तासाभराने साहेबांनाच उमगले. "गुरुजी, माणसे नाहीत, धुणे नाही, सांडलेले अन्न नाही, माश्या नाहीत. मग तो कशाला येईल? माणसे परत आणा!"

नाना शोधायला गेले. सारे गाव जवळच्या किल्ल्याच्या उतारावर झुडपांआड दडले होते. त्यांना पाहताच आतून आवाज आला, "नाना, पळा! देवी टोचनारा उनात!"

"कोणी सांगितलं?"

"चावडीवर लिखेल शे ना! येवढं शुद्ध कोन लिखस? सरकारच! आन् 'बालकांसह'!"

नानांनी हात वर केले. "अरे, टोचत नाहीत! फोटो काढताहेत!"

हे वाक्य फार महागात पडले. सगळे गाव उठले आणि ओढ्याकडे न येता, आधी घरी गेले.

नथी, फेटे, जरीच्या टोप्या, तेल. साहेबांनी कॅमेरा गळ्यात सोडून दिला. निरोपाचा फोटो काढायला म्हणून काशिनाथभाऊंनी आपला मोठा, तिपाईवरचा कॅमेरा आणलाच होता. "साहेब, आता तुम्हीही या," ते म्हणाले. साहेब मुकाट्याने मधल्या दगडावर, सखुअक्कांच्या शेजारी, पांढरी सोला टोपी घालून बसले.

काळ्या कापडाखालून भाऊंची आज्ञा सुटली, "श्वास धरा! हलायचं नाही, बोलायचं नाही!"

आणि तो आला. माश्या आल्या होत्या, माणसे आली होती, तोही आला. पाण्यावरून लाटेसारखा खाली-वर होत आला आणि सरळ साहेबांच्या टोपीवर बसला! त्याने शेपटी हलवली. आवाज दिला. साहेबांनी तो ओळखला. त्यांचे डोळे डावीकडे गेले, उजवीकडे गेले. मान मात्र हलली नाही. अख्खे सोनगीर ते पाहत होते आणि कोणाच्या ओठाची घडी मोडली नाही. मी माझा श्वास कसा धरला ते माझे मला ठाऊक.

खटका पडला. पक्षी उडाला. एकच कल्लोळ झाला.

"डोकावर! साहेब, तुमना डोकावर व्हता!"

"मग सांगितले का नाही?" साहेब किंचाळले.

"भाऊनी सांगेल व्हतं ना," सखुअक्का नथ सावरीत म्हणाल्या, "बोलू नका म्हनीसन!"

परतताना साहेबांनी काशिनाथभाऊंचे दोन्ही हात धरले. "भाऊ, त्या पक्ष्याला हात लावू नका. त्याचा डाग त्याच्यापाशी राहू द्या."

"आईची शपथ, साहेब. पेन्सिल पक्ष्याजवळ नेणार नाही."

भाऊंनी शब्द पाळला. प्रत आली तेव्हा आम्ही सारे टोपीवर तुटून पडलो. राखी पाठ, पांढरे तोंड, छातीवर ठसठशीत काळी चंद्रकोर, वर उचललेली शेपटीसुद्धा! साहेबांचे डोळे भरून आले. भाऊंनी स्वतःच पुठ्ठ्यात बांधून ते चित्र टपालात टाकले. टोपीच्या खाली पाहायला कोणाला सुचलेच नाही.

आईचे उत्तर आले तेव्हा साहेबांचे सामान चाळीसगावला रवाना झाले होते. ते पत्र घेऊन बाकावर आले आणि आमच्यासाठी एकेक ओळ मराठीत करून वाचू लागले.

"'पक्षी पोचला. पाहताक्षणी ओळखला, आपल्याच अंगणातला आहे, तोच आवेश, तीच शेपटी. आता मला काळजी नाही.'"

काशिनाथभाऊंनी डोळे पुसले. साहेब पुढची ओळ वाचता वाचता थांबले. त्यांनी आपल्या वाकड्या नाकावरून एकदा बोट फिरवले, काशिनाथभाऊंकडे पाहिले, आणि वाचले:

"'पण त्याच्या खाली बसलेला हा देखणा गृहस्थ कोण?'"