पोटाला कान लावणारी अक्का

अक्का आधी पोटाला कान लावायची, मग पोराचं नाव विचारायची. जळगावातल्या एका दवाखान्यात, मुलांच्या वॉर्डात ती कंत्राटावर आया होती. माहेर-सासर दोन्ही धुळ्याकडचं. पोटात गुडगुडलं की खाटेच्या दांडीवर बोटाने टक् करायची. शिकाऊ डॉक्टर हसायचे. "हसा," ती तिच्या अहिराणीत म्हणायची, "तुमनी नळी गळामा शे, मना कान जागावर शेत."

माझी भाची पाच वर्षांची, रावेरची. रक्ताच्या कॅन्सरची औषधं चालू, त्यामुळे प्रतिकारशक्ती नावालाच. कांजिण्या आल्या, आणि पाठोपाठ पोट फुगलं. ताईने जंताचं औषध दिलं, वर एरंडेल पाजलं. का? कारण चळवळीतला कार्यकर्ता म्हणून मीच तालुकाभर वाटलेल्या पत्रकात छापलं होतं : 'पोट फुगले? जंत समजा!'

वॉर्डात मी डॉक्टरांवर ओरडत होतो. अक्काने माझ्याकडे न बघता भाचीच्या पोटाला कान लावला. बोट दांडीवर तसंच राहिलं. टक् नाही.

"बठ्ठं पोट गप शे," ती म्हणाली. ताईच्या पिशवीतून माझं पत्रक डोकावत होतं. "हाई तू लिखं का? तुना कागदले कान शेत का रे भाऊ?"

मोठ्या डॉक्टरांना तीच हाताला धरून घेऊन आली. पोटाच्या एक्स-रे फोटोत कुठे अडथळा नव्हता. कांजिण्यांच्या विषाणूने आतड्याच्या नसाच दुखावल्या होत्या. वाट मोकळी, पण अन्न पुढे ढकलणारं कोणी नाही. खाणंपिणं बंद, नाकातून नळी, विषाणूवरचं औषध. भाची केळं मागून रडायची. अक्का समजवायची, "पोट बोलू दे, आख्खा घड आनसू."

पाचव्या दिवशी अक्काचं कंत्राट संपलं. इतकी वर्षं राबलेल्या बाईला शिपायाच्या तोंडी निरोप! मी तिथेच मोर्चाची भाषा सुरू केली.

"मोर्चा मंग काढ. आधी कान लाव." तिने माझं डोकं भाचीच्या पोटावर टेकवलं. काही ऐकू आलं नाही. ती धुळ्याच्या बसने गेली.

सातव्या दिवशी आत काहीतरी सरकलं. मी दांडीवर टक् केलं आणि ताई रडायला लागली.

आता भाची घरी आहे. नसा पूर्ण सुधारतील का, कोणी छातीठोक सांगत नाही. मी पत्रकं अजून काढतो, पण त्यांत 'समजा' हा शब्द नसतो. रावेरला गेलो की आधी पोटाला कान लावतो.

"झालं का रे?" ताई विचारते.

गुडगुडण्याची वाट बघत माझं बोट हवेत थांबलेलं असतं.