झुंबरबाईची उन्हाची पेटी

त्र्याहत्तर सालच्या चैत्रात एका मंगळवारी झुंबरबाई वारली. निदान आमच्या आळीपुरती तरी वारली. आठ वाजता ही बातमी पारावर होती, नऊ वाजता पिठाच्या गिरणीत, आणि दहाच्या सुमाराला दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायकांत "पोटात कळ आली म्हनं, पानीसुदीक मागितलं न्हाई" इतका तपशील तयार झाला होता. पुरावाही पक्का होता. तिच्या घरातून दोन दिवस धूर निघाला नव्हता. ज्या घरात चूल पेटत नाही तिथं कोणीतरी गेलेलं असतं, आणि शेजाऱ्यांनी तिथं भाकरी न्यायची असते, ही आमच्याकडची रीत.

शेजारच्या आक्काबाईनं रीत पाळली. रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या चार भाकरी थापल्या, पिठलं केलं, दुरडीवर फडकं टाकलं आणि झुंबरबाईच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून मोठ्यानं गळा काढला.

दार झुंबरबाईनंच उघडलं. तोंडात मिशरी होती.

"कोन गेलं गं, आक्का?"

आक्काबाईला रडणं थांबवता येईना आणि पुढं चालवताही येईना. "तूच की," ती म्हणाली.

"मी? कवा?"

"परवाच्याला म्हनं. धूर न्हाई, काय न्हाई..."

झुंबरबाईनं दुरडी हातात घेतली आणि फडकं उचलून आत डोकावली. "पिठलं पातळ झालंय," म्हणाली. "पन आनलंच हाईस तर ठिव. मेल्यावर का हुईना, आयतं मिळतंय."

मग तिनं आक्काबाईला हाताला धरून मागच्या अंगणात नेलं. तिथं भर उन्हात खोक्यात बसवलेली एक पत्र्याची ट्रंक मांडली होती. झाकणाच्या जागी काच होती आणि काचेवर उजेड फेकणारा एक तडा गेलेला आरसा उभा केलेला होता. आत पातेल्यात डाळ बुडबुडत होती. ट्रंकेखाली ना लाकूड, ना गोवरी, ना निखारा.

आक्काबाई घरी परतली ती नवी बातमी घेऊन. झुंबरबाई मेलेली नाही, नुसती येडी झालीया. ही दुसरी अफवा मरायला मात्र बरेच दिवस लागले.

कोल्हारपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात झुंबरबाईला ओळखत नाही असा माणूस नाही, कारण तिचा आवाज सगळ्यांनी ऐकलेला आहे. पन्नाशीची, काटक, नाकापेक्षा नथ मोठी, आणि कोणी "हे हुयाचं न्हाई" म्हटलं की तेच करून दाखवायची खोड. नवरा सहादेव त्या वर्षी गुरं घेऊन चारा छावणीत राहिला होता, मुलगा कानिफनाथ रस्त्याच्या कामावर. घरात सासू आणि सून दोघीच. सून लंकाबाई बेलापूरची, बागायती घरातली, शांत पोर. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि तिला खोकला लागला होता.

खोकला चुलीचा होता. दुष्काळात गुरं छावणीत, म्हणजे शेण नाही, म्हणजे गोवऱ्या नाहीत. तुराट्या कधीच संपल्या होत्या. मग बायका ओली बाभूळ, फाटक्या चपला, सायकलचे टायर, हाताला लागेल ते चुलीत घालत. असला धूर घरात कोंडला की लंकाबाई भिंतीला धरून खोकत बसे. डॉक्टरनं सांगितलं होतं, पोरीला धुरापासून लांब ठेवा. हे तिच्या आईच्या, रतनबाईच्या कानावर गेलं आणि बेलापूरहून निरोप आला: आखितीला लेक न्यायला येते, आणि चुलीपुढं बसवायची असेल तर परत धाडणार नाही.

आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात आणि चार दिवसांनी परत येतात, हे दर वर्षीचं. पण या निरोपात परतीची वाट नव्हती. झुंबरबाई मात्र एवढंच म्हणाली, "आखितीला अजून दोन म्हैनं हायत."

त्याआधीच्या हिवाळ्यात राहुरीला शेतकी प्रदर्शन भरलं होतं, तेव्हा गावातल्या बायका ट्रकमधून गेल्या होत्या. तिथं एका पँटवाल्या साहेबानं काचेच्या पेटीत उन्हावर भात शिजवून दाखवला होता. बाकीच्या बायका आरशात कुंकू नीट करून पुढं गेल्या. झुंबरबाई तिथंच उभी राहिली आणि तिनं साहेबाला विचारलं, "ह्यात तूर शिजंल का?" साहेब म्हणाले, शिजेल, पण दोन-अडीच तास लागतील. "आमच्या चुलीवरबी तेवढंच लागत्यात," ती म्हणाली, "आन वर रडावं लागतंय."

निरोप आला त्याच आठवड्यात तिनं आपल्या लग्नातली ट्रंक रिकामी केली. वर दोन पोपट आणि 'सुस्वागतम्' रंगवलेली ती ट्रंक. आतून काजळी आणि तेल फासून काळी केली. मोठ्या खोक्यात ट्रंक बसवून मधल्या फटीत जुन्या गोधड्या ठासल्या. कोल्हारच्या बाजारातून दोन काचा आणल्या, न्हाव्याकडून त्याचा तडा गेलेला आरसा मागून आणला. "आरसा कशाला, झुंबरबाई, ह्या वयात?" असं न्हाव्यानं विचारलं म्हणे. तिनं काय उत्तर दिलं ते तो सांगत नाही.

पेटी झाली, पण डाळ शिजेना. तीन तास, चार तास, दाणा तसाच टणक. झुंबरबाई एसटीनं पुन्हा राहुरीला गेली. प्रदर्शन उठून गेलं होतं, मैदानात मांडवाच्या खड्ड्यांशिवाय काही नव्हतं. ती तशीच परत आली. आम्ही आळीतल्या शहाण्यांनी तेव्हा पुष्कळ सल्ले दिले. त्यातला एक पेटीला नारळ फोडण्याचा होता.

उत्तर तिला अंगणातच मिळालं, तेही हात भाजून. दुपारी घासायला ठेवलेल्या भांड्यांत तिनं हात घातला. चकचकीत पितळी तांब्या नुसता कोमट होता, आणि शेजारचा काळाकुट्ट तवा असा तापला होता की हात झटकन मागं घ्यावा लागला. ती तिथंच खाली बसली. पेटीत ती रोज ठेवत होती ते जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, पातेलं राखेनं घासघासून चंद्रासारखं केलेलं होतं. आमच्या बायकांना लहानपणापासून शिकवलेलं असतं की काळं भांडं म्हणजे आळशी बाई. सोयरीक बघायला आलेली माणसं आधी पोरगी बघत नाहीत, फळीवरची भांडी बघतात. झुंबरबाईनं जन्मभर भांडी लखलखीत ठेवली होती, आणि नेमकी तीच लखलख ऊन माघारी धाडत होती. तिनं पातेल्याला बाहेरून काजळी फासली. त्या दिवशी डाळ पावणेतीन तासांत शिजली. पुढचे दोन दिवस तिनं हट्टानं चूल पेटवलीच नाही. डाळ आणि मिलोच्या कण्या, दोन्ही पेटीत. त्याच दोन दिवसांत ती वारली.

आता तिची खरी हुशारी सांगितली पाहिजे, नाहीतर ती पुन्हा मेली तरी आम्हाला सोडायची नाही. पेटी कोणीही बांधील. पण अंगणातलं ऊन तिला तोंडपाठ होतं. तीस वर्षं कुरडया, सांडगे, शेवया वाळवताना खाट कधी कुठं सरकवायची हे तिच्या पायांना कळत होतं. दहाला गोठ्याच्या भिंतीशी, बाराला तुळशीजवळ, दोन वाजता कडुनिंबाची सावली येण्याआधी पलीकडं. खोक्याला बांधलेली दोरी ओढून ती पेटी तशीच फिरवायची. एकदा तर खोक्यासकट डोक्यावर घेऊन दुष्काळी कामावर गेली आणि सहा बायकांची डाळ शिजवून दिली. मुकादम चहा तापवून मिळेल का म्हणून विचारायला आला. "मुकादम, रांगंत या," ती म्हणाली, आणि मुकादम रांगेत उभा राहिला. भाकरी तेवढी पेटीत होत नव्हती. ती झुंबरबाई पहाटे घरामागं तीन दगडांवर एकटीच भाजायची, सुनेला उठवायची नाही.

आखितीच्या दिवशी रतनबाई अकरा वाजता आली. कोल्हारला एसटीतून उतरून चालत, घामानं निथळत. परतीची गाडी चारची, म्हणजे तीनच्या आत निघायलाच हवं. ती अंगणात पेटीसमोर खाट ओढून बसली, वकील साक्षीदारापुढं बसतो तशी.

"ह्यात शिजतंय?"

"शिजतंय."

"बघते की."

झुंबरबाई नुकतीच टँकरच्या रांगेतून हंडा घेऊन आली होती. पेटी लंकाबाईनंच दहाला भरून ठेवली होती. बाराला सासूनं पेटी सरकवताना काचेतून आत बघितलं आणि तिचा हात थांबला. आत पातेलं चमकत होतं. तिनं काच उघडून बोट बुडवलं. पाणी कोमट.

लंकाबाई दाराशी खाली मान घालून उभी होती. "आई येनार हुती," ती हळूच म्हणाली. "काळं पातेलं बघून तुमालाच नावं ठिवली आसती, आत्याबाई. म्हनून सकाळी घासलं."

रतनबाईच्या चेहऱ्यावर 'वाटलंच होतं' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. झुंबरबाई सुनेवर रागावली नाही. ती आत गेली, तवा आणि तेलाची बुधली घेऊन आली, विहिणीच्या पुढ्यात फतकल मारून बसली आणि तव्याची काजळी खरवडून तेलात कालवून पातेल्याला फासायला लागली. मनगटापर्यंत हात काळे, गालावर पट्टा.

"अवो ईनबाई, हे काय," रतनबाईनं पदर नाकाला लावला. "सनावाराचं?"

"सनावाराचंच शिजवायचं हाय. जरा सरका, ऊन आडतंय."

रतनबाई सरकली.

साडेबाराला पातेलं पुन्हा पेटीत गेलं. दोनला काचेवर वाफ धरली. अडीचला आत पहिला बुडबुडा आला, आणि त्याच वेळी कडुनिंबाची सावली अंगणाच्या शेवटच्या कोपऱ्यात पोचली. आज पेटी उशिरा लागली होती, ऊन पुरलं नव्हतं. झुंबरबाईनं वर घराच्या माळवदाकडं पाहिलं. त्या सपाट छपरावर अजून रखरखीत ऊन होतं.

"शिडी धरा, ईनबाई," ती म्हणाली.

"मी?"

"मग कोनाला सांगू? लंकीला खोकला हाय, तुमीच म्हनता."

असं म्हणून झुंबरबाईनं तापलेली पेटी पदराची चुंबळ करून डोक्यावर घेतली आणि पन्नासाव्या वर्षी शिडीच्या पायऱ्या चढायला लागली. खाली शिडीला घट्ट धरून बेलापूरच्या रतनबाई, वर बघत. "सावकाश. डावीकडं पाय. अवो, डावीकडं," असं त्या ओरडत होत्या. आळीतली निम्मी माणसं भिंतीवरून बघत होती आणि कोणी मदतीला गेलं नाही, हे आमच्या आळीनं कबूल केलंच पाहिजे. त्यांचा तमाशा मोडायला नको, असं आम्हाला वाटलं.

तीनला रतनबाई स्वतःच शिडी चढून वर गेली. सव्वातीनला झुंबरबाईनं काच उघडली, तुरीचा दाणा चिमटीत धरून विहिणीपुढं केला. रतनबाईनं तो बोटात दाबला. दाणा लोण्यासारखा मोडला.

खाली जेवायला बसल्यावर रतनबाई डाळ-भाकरी खाता खाता लेकीकडं बघत राहिली. शेवटी म्हणाली, "सकाळपासनं एकदाबी खोकली न्हाईस गं."

लंकाबाई म्हणाली, "आता पंधरा दीस झालं न्हाई खोकले."

चारची गाडी गेली ती गेलीच. रतनबाई त्या रात्री तिथंच राहिली, आणि सकाळी लेकीला घेऊन निघताना दारात थांबली.

"चार दीस नेते, आन मीच आनून घालते," ती म्हणाली. "पन ईनबाई, एक सांगा. पावसाळा लागला, ढग आलं, ऊन गेलं, तवा ह्या पेटीचं काय करनार?"

झुंबरबाई लंकाबाईच्या पदराला गाडीभाड्याच्या पैशांची गाठ मारून देत होती. तिनं वर बघितलं नाही.

"पाऊस येऊ तर द्या आदी, ईनबाई. आला की मी बसंन चुलीपुढं, आन तुमच्या लेकीला वाऱ्याला बशिवंन."