लख्ख घासलेली चेन आणि राहून गेलेलं येऊर

मी चिडलेलो आहे आणि चिडूनच लिहितोय. डोंबिवलीहून सायकलने ठाण्याच्या येऊरच्या डोंगरावर जायचा बेत असेल, तर आदल्या आठवड्यात चेन तपासा. चकाकतेय म्हणून खूश होऊ नका.

बेत माझ्या बायकोचा, वैशालीचा. ती अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकली आणि ही तिची पहिलीच लांबची फेरी होती. माझी चेन मात्र काळीकुट्ट. दर दसऱ्याला सायकलीला हार घालायचा, चेनला हळदकुंकू लावायचं आणि धूळ न पुसता वरून तेल सोडायचं, एवढीच आमची निगा. सायकलचा दुकानदार म्हणाला, "बदलून टाका." माझं डोकंच फिरलं. ऊठसूट काय बदलायचं? डिझेलमध्ये भिजवून, जुन्या टूथब्रशने दोन संध्याकाळी घासून चेन लख्ख केली.

शनिवारी पहाटे साडेपाचला निघालो. मोठागावातून माणकोलीचा पूल धरा, शिळफाट्याच्या गर्दीपेक्षा कितीतरी बरा. खाडीवर गार वारा होता, वैशाली गुणगुणत होती. पुलाच्या चढावर माझी चेन दोनदा कटकन सरकली.

"अरे, आवाज येतोय. थांबून बघ ना," ती मागून म्हणाली.

"नव्यासारखी झालीय. चल तू."

पुढे हायवेवर खड्डे आणि कंटेनर. वाटेत वीस रुपयांचा वडापाव खाल्ला, तेवढाच काय तो सुखाचा वेळ. माजिवड्याजवळच्या चढावर मी उभा राहून पेडल दाबलं आणि चेन उडाली. मी जागच्या जागी थांबलो. मला चुकवताना वैशाली रस्त्यावर आपटली. मागच्या टेम्पोने हातभर अंतरावर ब्रेक मारला.

"काका, मरायचंय काय? मागे बाई आहे, दिसत नाही?" ड्रायव्हर ओरडला. त्याचाही राग आला. खरं बोलला म्हणून जास्तच.

वागळे इस्टेटमधल्या म्हाताऱ्या मेकॅनिकने पुढच्या चक्रावरची चेन बोटाने ओढली. चक्राचा अर्धा दात उघडा पडला.

"घासून चेन साफ होते साहेब, आखूड नाही होत. ही लांबलीय. आता मागचे दातेपण खाल्लेत हिने."

तर लक्षात ठेवा: ओढल्यावर चेन दातांना चिकटून राहिली तर नुसती साफ करा, अर्धा दात दिसला तर बदला. मी चेन आणि मागचं दात्यांचं चक्र, म्हणजे फ्रीव्हील, दोन्ही बदललं. पण वैशालीचं कोपर सोललं होतं, म्हणून सायकली भाड्याच्या टेम्पोत टाकून आम्ही परतलो.

घरी कोपराला औषध लावताना म्हणाली, "पडले त्याचं काही नाही रे. मी सांगत होते आणि तू ऐकलं नाहीस."

मी सॉरी म्हणालो. फार उशिरा म्हणालो, याचा राग अजून जात नाही.

पुढच्या रविवारी उठलो तर तिची सायकल जिन्याखाली नव्हती. आठ वाजता फोटो आला: येऊर, वैशाली आणि बिल्डिंगमधल्या दोघी मैत्रिणी. माझी चेन नवी होती, रविवारही मोकळा होता. मला कोणी विचारलंच नव्हतं.