फोटो कमरेचा, तारा दातांच्या

चांगुणा आयुष्याची सत्तेचाळीस वर्षं तोंडावर पदर धरून हसली. वरचे चार दात पुढे, एवढाच तिचा गुन्हा. लग्न ठरताना पाहुण्यांनी निरोप धाडला होता, "मुलीला ओठ मिटून बसायला सांगा." लग्नानंतर नवरा सिद्राम लाडात आला की तिला 'खवणी' म्हणायचा. लाडातलं नाव टोचत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते एकदा स्वतःला लावून बघावं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात ती एकवीस वर्षं तपासणीला आहे. टॉवेल उजेडात धरायचा, सुटलेला धागा सुईने आत ओढायचा, घडी घालायची, पुढचा घ्यायचा. सगळं उभ्याने. तिथे दोन नियम. सुई टेबलावर ठेवायची नाही, अंगावरच खोचायची. कारण एक सुई घडीत राहिली तर अख्खा लॉट उकलावा लागतो. आणि सुई हरवली तर लपवायचं नाही, जिथे असाल तिथून "सुई!" म्हणून ओरडायचं. मग सगळे हात थांबतात. बाकीच्या बायका सुई पदराच्या काठात खोचतात. चांगुणा अंबाड्यात. हात आपोआप जातो, तिला कळतही नाही.

गेल्या वर्षी कुणालाही न विचारता ती दातांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टर काव्या लेकीच्या वयाची. तिने विचारलं, "मावशी, पेशंट कुठंय?"

"तुझ्या म्होरं बसलीया की. माझेच दात बघ."

वरखाली तारा बसल्या आणि गल्लीला महिनाभर विषय मिळाला. जाऊ म्हणाली, "आता काय पुन्यांदा नवरी व्हायचंय का?"

"व्हय. करवली म्हणून तुलाच नेते."

दात हलायला लागले, हळूहळू आत यायला लागले, आणि पदर तोंडावरून खाली उतरला. आणि नेमका त्याच वेळी डावा पाय बधिर होऊ लागला. हाडांच्या डॉक्टरांनी कमरेचा एमआरआय सांगितला.

सेंटरमध्ये मशीन चालवणारा राजशेखर कागद घेऊन आला. चांगुणाने आपण होऊन सांगितलं, "दाताला तारा हायत."

राजशेखरचं पेन थांबलं. "मग नाही जमणार, मावशी. तारा काढून या."

"पुन्यांदा कोण बसवणार? तू?" चांगुणा म्हणाली. "आन् फोटो कशाचा हाय?"

"कमरेचा."

"मग माझे दात काय कमरेला हायत का?"

बाकावरची माणसं हसली. राजशेखर नाही हसला. "मोठं लोहचुंबक आहे आत. रूल आहे."

सिद्रामला हेच हवं होतं. "मी तवाच म्हणलं हुतं. ह्या वयात कशाला पायजे ती थेरं? काढून टाक."

"तुमी गप बसा. एक वरीस दुखवून घेतलेत मी. काढायचे तर कारण सांगा, नुसता रूल नगं."

अशा बाईला लोक हट्टी म्हणतात. पुरुषाने हेच विचारलं तर त्याला चौकस म्हणतात. असो.

ती तशीच काव्याकडे गेली. काव्याने एकेक कडी हलवून पाहिली, सगळ्या घट्ट होत्या. "डोक्याचा किंवा जबड्याचा फोटो असता तर आजूबाजूचं पुसट आलं असतं. तेव्हा तार तरी काढावी लागली असती. कंबर लांब आहे. धातू कोणता ते लिहून देते, पण शेवटचा शब्द तिथल्या डॉक्टरांचा. त्यांनाच भेटा."

दुसऱ्या दिवशी चांगुणा कारखान्यातली पाळी संपवून थेट सेंटरला गेली. रिक्षात सिद्राम फुगून बसला होता. "तुला पाय पायजे का दात?"

"दोन्ही. माझेच हायत की."

फोटो तपासणाऱ्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना भेटल्याशिवाय हलणार नाही, म्हणून ती अर्धा तास दारात उभी राहिली, बधिर पायावर. बाईंनी चिठ्ठी वाचली, तिच्या तोंडात बॅटरी मारली आणि राजशेखरला बोलावलं. "तारा काढायला कुणी सांगितलं? मला विचारलंस?" मग चांगुणाला म्हणाल्या, "आत तोंडाशी गरम वाटलं, ओढल्यासारखं झालं, तर हातात रबरी फुगा देऊ, तो दाबा. लगेच थांबवू."

राजशेखरचं तोंड पडलं. आता त्याने यादी मोठ्याने वाचायला घेतली. मंगळसूत्र? जोडवी? बांगड्या? घड्याळ? चांगुणाने एकेक काढून सिद्रामच्या रुमालात टाकलं, साडी बदलून सेंटरचा निळा झगा घातला.

"आणखी काही, मावशी? नीट आठवा."

"माझ्या अंगावर काय हाय ते मला म्हाईत हाय. एकवीस वर्सं तपासणीच करतीया."

आतलं जाड दार उघडलं. तेवढ्यात राजशेखर म्हणाला, "अंबाडा सोडा, पाठीवर सपाट झोपायचंय."

चांगुणाचा हात डोक्याकडे गेला आणि तिथेच राहिला. बोटाला सुई लागली.

मागे सिद्राम रुमाल घेऊन बसलेला, 'बघू आता' अशा चेहऱ्याने. सुई मुठीत लपवता आली असती. लघवीला जायचंय म्हणून परत फिरता आलं असतं. कुणालाही कळलं नसतं, आणि दोन दिवसांचं भांडण जिंकलेलंच राहिलं असतं.

"सुई!" चांगुणा ओरडली.

कारखान्यात ओरडतात तसंच, पोटातून. राजशेखरने दार धाडकन लावलं. डॉक्टरीणबाई धावत आल्या. चांगुणाने सुई वर धरली होती, पांढऱ्या धाग्यासकट.

सिद्राम उठला. "बगा! मी काय म्हणत हुतो..."

"तुमी दात म्हणत हुता. ही दातात न्हवती." मग ती राजशेखरकडे वळली. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "चूक माझी हाय, कबूल. डोळ्यात गेली असती कुणाच्या. पर पोरा, दोन दिस तू माझ्या तोंडातच बघत बसलास. तुझ्या कागदात अंबाडा कुटं हाय?"

राजशेखरने कागद खरंच वरून खालपर्यंत पाहिला. अंबाडा नव्हता. तिच्या हातातली सुई घेऊन त्याने बाहेर खणात ठेवली.

मशीन पाऊण तास धडधडलं. इतरांना त्या आवाजाचा धसका बसतो म्हणतात. चांगुणाला वाटलं, यापेक्षा आपले माग जास्त वाजतात. जीभ तेवढी ती तारांवरून फिरवत राहिली. एकही जागची हलली नाही. फोटो स्वच्छ आला.

साडी नेसून ती बाहेर आली तेव्हा राजशेखर पुढच्या बाईला विचारत होता, "आजी, अंबाड्यात काही खोचलंय का?" आजी म्हणाली, "हाय की, आकडं." आणि एकेक करत सात आकडे त्याच्या हातावर ठेवले.

चांगुणा खदखदून हसली, तारांसकट, सगळ्या सेंटरला दिसेल असं. सिद्रामने तोंड उघडलं, "अगं खव..." आणि तिच्याकडे बघून मिटलं.

"माझी सुई दे की रे," ती राजशेखरला म्हणाली.

सुई तिने पदराच्या काठात खोचली. पदराला आता दुसरं काम उरलं नव्हतं.