आंबेमोहोराचा शेजार

आई गेल्यावर अप्पांना मी भोरहून कोलकात्याला, सॉल्ट लेकला आणलं ते त्यांच्याच अटीवर: नातवंडांची उन्हाळ्याची सुट्टी संपली की परत. परतीचं तिकीट त्यांनी आल्या आल्या देवघरात ठेवून दिलं. रोज दिवा लावताना ते मला खुपायचं. रिकाम्या घरात हे एकटे काय करणार?

तिकिटासोबत आईच्या हातची मेतकुटाची शेवटची बरणी होती. तिला हात लावायची सोय नव्हती. ‘‘मेतकूट खायचं ते आंबेमोहोराच्या मऊ भाताशी. तुमच्या या तांदळाशी नाही.’’ इथल्या गोविंदभोगाने त्यांचं काय घोडं मारलं होतं देव जाणे.

एका संध्याकाळी गच्चीवर वाळलेले कपडे काढताना अप्पा थबकले. ‘‘कुणीतरी आंबेमोहोर शिजवतंय!’’

मी नाक वर केलं. खरंच की! सगळ्या सॉल्ट लेकमध्ये मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातलं एक आमच्याच ब्लॉकमध्ये?

‘‘आपल्या भोर-मावळाकडचंच कुणीतरी आहे,’’ अप्पांनी निकाल देऊन टाकला.

झालं. रोज ऊन उतरलं की इस्त्रीचा शर्ट घालून अप्पा निघायचे, मागे माझी दोन्ही कार्टी. पिशवीत मेतकुटाची बरणी, कारण पहिल्यांदा कुणाकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? वास कधी बागेमागे न्यायचा, कधी कालव्याच्या काठाने. घर सापडेना, बाकी सगळं सापडायचं. मुंगसाची जोडी, पाण्यात सूर मारणारा खंड्या, आणि मोरीतून निघालेली हातभर घोरपड. घोरपडीला दोर बांधून गड चढल्याची गोष्ट अप्पांनी तिथल्या तिथे सांगितली, तर लेक घरी येऊन दोरी मागायला लागली. चिखलाने बरबटलेल्या चपला पाहून मी तोंडाचा पट्टा सोडायचे, पण मनातून खूश होते. फिरून आले की अप्पा पोटभर जेवत होते.

मग एक दिवस खालून पोरांचा आरडाओरडा ऐकू आला. धावत गेले. शेजारच्या मोकळ्या प्लॉटमधल्या फणसाखाली वासाचा नुसता घमघमाट! अप्पा बरणी छातीशी धरून वर बघत होते. ढोलीतून एक लांब शेपटीचं उदमांजर उतरत होतं, मागून त्याची दोन पिल्लं.

समोरच्या बाल्कनीतल्या बंगाली मावशी, मासीमा, हसत होत्या. ‘‘दादा, ये तो भाम है! इसका ऐसा ही गंध होता है, एकदम पोलाव!’’

‘‘म्हणजे मराठी लोक नाहीच आहे?’’ लेकीने तिच्या मोडक्या मराठीत विचारलं. अप्पांचा चेहरा पडला. मग त्यांना जे हसू फुटलं, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत थांबेना.

‘‘तुझी आई असती तर मला जन्मभर ऐकवलं असतं,’’ ते म्हणाले.

घरी येताच त्यांनी फर्मावलं, ‘‘भात टाक. मऊ.’’

‘‘आंबेमोहोर नाहीये, अप्पा.’’

‘‘गोविंदभोग आहे ना?’’

बरणी त्यांनीच उघडली. आधी मुलांना वाढलं, मग मला. पहिला घास सावकाश खाल्ला. मग उठून देवघरातून तिकीट आणलं आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

‘‘हे रद्द कर. इतका शोधून शेजार मिळालाय, लगेच कुठे सोडायचा?’’

मला रडू आवरेना, म्हणून मी उगाचच बरणीचं झाकण घट्ट करत बसले.