प्रिंटर चालतो ना?

बेंगळुरूत संगणकावर पोट भरणारी माणसं हवी तेवढी आहेत, मीही त्यातलाच. पण संगणकाच्या तब्येतीची मनापासून काळजी करणारा माणूस मी एकच पाहिला, आणि ते माझे मामेसासरे आहेत, हे मी छाती फुगवून सांगतो. घराणं तीन-चारशे वर्षांपासून इथलं, घर इंदिरानगरात. बारसं असो की तेरावं, पाण्याचा पेला हातात यायच्या आधी त्यांचा प्रश्न ठरलेला: "जुना कॉम्प्युटर कुठं हाय तुमचा?" इतरांच्या खिशात चष्मा असतो, यांच्या खिशात पेन ड्राइव्ह. पंगत उठेपर्यंत त्या घरच्या रडतखडत चालणाऱ्या मशिनवर लिनक्स नावाची फुकटची, जुन्या मशिनलाही झेपणारी सिस्टीम चढलेली असायची, आणि मामा कडेला कुंकवाचं बोट लावून मोकळे. माझ्या पहिल्या दिवाळसणाला मी पाया पडलो, तर आशीर्वादाच्या आधी त्यांनी माझा लॅपटॉप मागितला. मी मारतहळ्ळीतल्या कंपनीचा ताठा दाखवत म्हणालो, "मामा, फुकटची सिस्टीम कोण घेतं?" ते शांतपणे म्हणाले, "प्रिंटर चालला की सगळे घेतात, जावईबापू." लॅपटॉप मी दिला नाही तो नाहीच.

बेंगळुरूबाहेरच्या देवनहळ्ळीच्या एका शाळेतले बारा जुने संगणक भंगारात निघाले होते. नवे येणार नव्हते, म्हणजे मुलांचा संगणकाचा तासच संपला असता. मामांनी मुख्याध्यापिकांकडून एका सहामाहीची मुदत मागून घेतली आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजेला सगळी मशिनं बंद असतात, तो मुहूर्त साधून बाराच्या बारांवर लिनक्स चढवलं. झेंडूची फुलंसुद्धा वाहिली. फक्त एक गोष्ट तपासायची राहिली. शाळा उघडल्यावर तिथल्या बाईंनी प्रश्नपत्रिकांच्या जुन्या फायली उघडल्या, तर कन्नडऐवजी नुसत्या मुंग्या. जुना फॉन्ट नव्या सिस्टीमला ओळखू येईना, आणि परीक्षा पंधरा दिवसांवर. मुख्याध्यापिका मामांना म्हणाल्या, "अण्णा, पेपर वेळेवर छापले नाहीत तर मशिनं भंगारात." त्या दिवशी मामा जेवले नाहीत. असं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून डबा घेऊन त्यांनी देवनहळ्ळीची बस धरली. फायली नव्या अक्षरांत बदलायच्या, मग कन्नडच्या तरुण बाईंबरोबर ओळ न् ओळ वाचून चुका काढायच्या, आणि जाता जाता सगळ्या बाईंना नव्यानं टायपिंग शिकवायचं. एका शनिवारी मी मदतीला गेलो. मला कन्नड वाचता येत नाही, त्यामुळे एवढा मोठा इंजिनिअर दिवसभर प्रिंटरमध्ये कागद भरत बसला. संध्याकाळी पहिला पेपर छापून बाहेर आला. मुख्याध्यापिकांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "सरी अण्णा, ठीक आहे. मशिनं राहू देत."

मग कन्नडच्या बाईंनी शेजारच्या शाळेतल्या बाईंना सांगितलं, त्यांनी आपल्या घरी, आणि तिथल्या जुन्या मशिनांवरही मामांचं लिनक्स चढलं. मामांनी प्रत्येक मशिनवर आपला फोन नंबर चिकटवला होता. फोन इतके यायचे, की मामी म्हणायच्या, "यांचं लग्न प्रिंटरशी लावायला हवं होतं." आरती अर्धी ठेवून मामा विचारायचे, "वायर बघितली का?"

हळूहळू फोन कमी झाले. कन्नडच्या बाई आता सगळं स्वतःच दुरुस्त करतात, इतर शाळांत जाऊन शिकवतातही. "तीन महिन्यांत एक फोन नाही बघा," मामा मला अभिमानानं म्हणाले. मग चहा निवेपर्यंत टीपॉयवरच्या फोनकडे बघत राहिले.

गेल्या रविवारी मीच फोन लावला. "मामा, आमचा प्रिंटर चालत नाही. आणि लॅपटॉपपण एकदा बघून टाका." दोन बस बदलून ते तासाभरात दारात हजर, खिशात पेन ड्राइव्ह. प्रिंटरच्या मागे वाकले आणि मीच मुद्दाम काढून ठेवलेली वायर त्यांना दिसली. त्यांनी ती हातात घेतली, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा होती तिथंच ठेवली.

"स्वल्प वेळ लागेल हं," असं म्हणून मामांनी खुर्ची ओढली.